जन्मठेप झाली म्हणून लग्न मोडत नाही

महोदय,

नवऱ्याला मोठी शिक्षा लागली की घटस्फोट मागितला की मिळतोच, असा समज कारागृहांच्या मुलाखत खिडकीपाशी सर्रास ऐकू येतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये तुरुंगवास हे घटस्फोटाचे कारणच नाही. विशेष विवाह कायद्यात ते आहे. जोडीदार सात वर्षे किंवा अधिक शिक्षा भोगत असावा लागतो. १९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात पत्नीला हाच आधार मिळतो, मात्र नवऱ्याची शिक्षा अंतिम झाल्यावरच घटस्फोटाचा हुकूमनामा होतो. तेव्हा लग्नाचा दाखला कोणत्या कायद्याखालचा आहे ते आधी पाहावे. वैदिक लग्न करून महापालिकेत नुसती नोंद केली असेल, तर विशेष विवाह कायद्याचा उपयोग नाही.

मग हिंदू पत्नीने काय करावे? काही उच्च न्यायालयांनी खुनासारख्या गुन्ह्यातील शिक्षा मानसिक क्रूरता मानली आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. संसारातले प्रसंग अर्जात मांडावेत. परित्यागाचा मुद्दा सहसा टिकत नाही, कारण कैदी काही मर्जीने घर सोडून गेलेला नसतो.

खरा घोळ समन्सात होतो. जाबदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जोडीदार, कारागृहात असल्याचे माहीत असूनही अर्जावर घरचाच पत्ता घातला जातो. बेलीफ ‘मिळून आला नाही’ असा शेरा मारतो, वर्तमानपत्रात नोटीस छापली जाते आणि निकाल एकतर्फी लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २४ प्रमाणे समन्स कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. कारागृहाचे नाव व बंदी क्रमांक लिहावा. बदली झाली असल्यास नवे कारागृह कळवावे. असा एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला कैद्याला तो कळल्यापासून ३० दिवस मिळतात, म्हणजे अर्जदाराची घाईच अंगाशी येते.

साक्षीचेही तसेच. कारागृह न्यायालयापासून २५ किलोमीटरहून दूर असेल, तर त्याच संहितेच्या आदेश १६-अ प्रमाणे कमिशनने, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत, जबाब घेणे पुरेसे होणार नाही अशी न्यायालयाची खात्री पटल्यावरच कैद्याला हजर करण्याचा आदेश निघतो. नाशिकरोडचा बंदी आणि पुण्याचे कौटुंबिक न्यायालय असेल, तर कमिशनचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा. नाहीतर कैद्याला न्यायालयात नेणारी पोलीस पार्टी न मिळाल्याने तारखांवर तारखा पडतात.

दोघे राजी असतील तर हिंदू विवाह कायद्यातील परस्पर संमतीने घटस्फोटाचे कलम १३-ब सर्वांत सुटसुटीत. त्यातले वर्षभर वेगळे राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न नांदणे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. अर्ज केल्यावर सहा महिने थांबण्याची मुदत माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला २०१७च्या निकालापासून आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. पोटगी, मुलांचा ताबा आणि घराचा हक्क अर्जातच लिहून घ्यावा.

अर्ज कैद्यालाच करायचा असेल, तर वकीलपत्रावर व प्रतिज्ञापत्रावर कारागृहातच सही करून ती अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावी. वकिलाच्या फीपायी अडायचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही सोय केवळ फौजदारी खटल्यापुरती नाही, हे अनेक बंद्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

— कारागृहातील विधी सहाय्याचे काम करणारे काही वकील, पुणे