अण्णांना विचारून बॉनेट उघडणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहितीये, नंबरही आहे, पण निघताना तुम्ही "माझं नाव कुठे लावत बसू नका" म्हणालात म्हणून ते इथे लिहीत नाही. त्या दिवशी जुन्या गाड्यांच्या शोला मैदानावर जे होते त्यांना कळेलच मी कोणाबद्दल बोलतेय. फोन केला की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि मग गाडीच्या डिझेल पंपाबद्दलच बोलत बसता, त्यामुळे मला जे म्हणायचंय ते राहूनच जातं. म्हणून हे जाहीर पत्र.

आधी मला थोडं मागचं सांगू द्या, कारण ते सांगितल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते इतरांना नीट कळणार नाही.

आमची गाडी म्हणजे टाटा-मर्सिडीजचा ट्रक, मॉडेल ३१२. पुढे गोल नाक, जाळीवर तीन टोकांचा तारा. १९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जर्मन डाइमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली आणि १९६९ मध्ये करार संपला तसा तो तारा गेला, त्याच्या जागी टाटाचा टी आला. त्यामुळे ताऱ्याची गाडी दिसली की जुनी ड्रायव्हर मंडळी आजही थांबतात, हात लावून बघतात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर हीच गाडी चालवली. डबल क्लच, म्हणजे दोनदा क्लच, मारल्याशिवाय गिअर पडत नाही, स्टेअरिंग फिरवायला खांदा लागतो, आणि सकाळी डॅशबोर्डवरची हीटरची तार लाल झाल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, हे सगळं त्यांच्या हातापायात मुरलेलं आहे. गाडी बंद पडून उभी राहिली तेव्हा भंगारवाले किलोचा भाव सांगायला यायचे आणि अण्णा उठून आत जायचे. मी आणि भावाने ती पुन्हा उभी करायचं ठरवलं ते त्यामुळे.

त्यात आम्हाला कोण कोण भेटलं ते काय सांगू. एका मेकॅनिककडे पंप दिला, त्याने तो महिनोन्महिने अडकवून ठेवला आणि परत दिला तेव्हा आतले डिझेल दाबणारे दोन एलिमेंट बदललेले, म्हणजे चांगले काढून झिजलेले घातलेले. विचारलं तर म्हणे एवढी जुनी गाडी चालवून करायचंय काय. दुसऱ्या एकाने इंजिनच बदला म्हणून सांगितलं, सहा सिलेंडरचं ४.६ लिटरचं ते मूळ इंजिन काढून कुठलंतरी नवीन बसवा, लोकांना कुठे कळतंय. आणि अजून एका शोच्या आयोजकांनी तर फोनवरच सांगितलं की लोडिंगच्या गाड्या मागच्या गेटने येतात. मी म्हटलं अहो सामान घेऊन येत नाहीये, गाडी दाखवायला आणतेय, तर ते म्हणाले "आमच्याकडे क्लासिक गाड्या असतात". त्या वाक्याचा मला अजून राग येतो. मी लपवणार नाही.

म्हणजे राजेरजवाड्यांच्या मोटारी, ज्या वर्षातून चार वेळा बाहेर निघायच्या आणि बाकी वेळ कापडाखाली उभ्या असायच्या, त्या वारसा. आणि ज्या गाड्यांनी सिमेंट, धान्य, ऊस, कापसाच्या गाठी, धरणांची लोखंडं वाहिली त्या लोडिंगच्या! सरकारचा नियमही बघा, २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, व्हीए अक्षरांची नंबरप्लेट, पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी पाहिजे वगैरे, पण ती फक्त खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींना. धंद्यावर चाललेला ट्रक त्यात बसतच नाही. जणू काम केलं हाच गुन्हा.

असो. तर हा शो वेगळा वाटला, कारण त्यांनी ट्रकना वेगळी रांग दिली होती आणि आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. तिथे पोचल्यावर माझा विश्वास बसेना. एन्नोरच्या कारखान्यातली लेलँड कॉमेट होती, हिंदुस्तान मोटर्सची बेडफर्ड होती, कुर्ल्याच्या प्रीमियरची फार्गो होती, आणि लष्करातून निघालेला एक शक्तिमान, जबलपूरला जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्याने बनायचा तो. एवढ्या जुन्या गाड्या एका रांगेत मी कधी पाहिल्या नव्हत्या. लोक एकमेकांच्या गाड्यांखाली पडून स्प्रिंगचे पाटे बघत होते, कोणी कोणाला पाटे अडकवायच्या शॅकलची पिन कुठून मिळाली ते विचारत होतं, एक माणूस तर फक्त हौद्याच्या फाळक्याच्या कड्या आणि साखळ्या बघायला आला होता आणि प्रत्येक कडीचा फोटो काढत होता. मला वाटलं हीच आपली माणसं.

आणि नेमकी रांगेत लावताना आमची गाडी बिघडली.

रेस आपोआप वर जायला लागली. पाय अॅक्सिलरेटरवर नाही तरी इंजिन वर-खाली घ्यायचं, मग एकदम वरच जाऊन बसायचं. लोक मागे सरकले. शोचा एक कार्यकर्ता "बंद करा, बंद करा, बाजूला घ्या" म्हणून ओरडायला लागला. अण्णांनी गाडी बंद केली आणि स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. खाली उतरलेच नाहीत. तेवढ्यात तीन-चार पोरं आली, चांगल्या मनानेच आली असतील, पण एकजण मडगार्डवर चढला, दुसऱ्याने बॉनेटचा हुक खटकन काढला, तिसरा अॅक्सिलरेटरचं लिंकेज ओढायला लागला, आणि प्रत्येकजण मोठ्याने आपलं आपलं निदान सांगत होता. कोणीतरी अण्णांना म्हणालं "ओ ड्रायव्हर, जरा खाली या ना, मालक कोण आहे?" अण्णा काही बोलले नाहीत. मी बोलणार होते पण घशातून आवाज निघेना.

तेव्हा तुम्ही आलात. पोरांना तुम्ही ओरडला नाहीत, फक्त "जरा बाजूला व्हा रे" म्हणालात. बॉनेट परत खाली लावलंत. ते बघून मला आधी काही कळलंच नाही, म्हटलं हे काय, उघडलेलं बंद का करतायत. मग तुम्ही ड्रायव्हरच्या दाराशी येऊन उभे राहिलात, वर बघितलंत आणि म्हणालात,

"ड्रायव्हरसाहेब, उघडू का?"

आणि थांबलात. अण्णांना उत्तर द्यायला वेळ लागला, पण तुम्ही बॉनेटला हात लावला नाहीत, उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहिलात.

काका, मला सगळ्यात जास्त ह्याचेच आभार मानायचेत. बाकी सगळं नंतर. रस्त्यावर अण्णांना काय काय हाका मारल्या गेल्या ते मला माहितीये, लहानपणी सुट्टीत केबिनमध्ये बसून मी ऐकलेल्या आहेत. नाक्यावर, गोदामात, वजनकाट्यावर, सगळीकडे ए आणि ओ. त्यांची गाडी कोणी थांबवली, कोणी तपासली, कोणी फाळका पाडून माल उपसून बघितला, तेव्हा कधी कुणी त्यांना विचारलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या गाडीला हात लावायला परवानगी लागते असं कुणाला वाटलंच नाही. तुम्हाला वाटलं. तुम्ही स्वतः तशीच ३१२ बाळगून आहात, तुम्हाला डोळे झाकून बिघाड सापडला असता, तरीही तुम्ही विचारलंत.

अण्णा "हो" म्हणाले तरी तुम्ही लगेच बॉनेट उघडलं नाहीत. "सकाळी कशी होती?" म्हणून विचारलंत. मग अण्णा बोलायला लागले. चढावर ओढ चांगली होती, लोड घेतला की ठीक, मोकळी सोडली की रेस वर जाते, थंड असताना कमी, गरम झाल्यावर जास्त. एवढं ते त्या आठवड्यात घरात कोणाशी बोलले नव्हते. तुम्ही मान हलवत ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे तुम्हाला कळलंयच." आणि अण्णा म्हणाले, "कातडं गेलं असणार." निदान तुम्ही त्यांच्या तोंडून वदवून घेतलंत, सगळ्यांसमोर, त्या पोरांसमोर, त्या ओरडणाऱ्या कार्यकर्त्यासमोर. पोरंही मग गप्प उभी राहून ऐकत होती, आणि त्यातल्या एकाने नंतर अण्णांच्या पाया पडून फोन नंबर घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ह्या गाडीच्या पंपाचा गव्हर्नर, म्हणजे रेसवर ताबा ठेवणारा भाग, हवेच्या ओढीवर चालतो. इंजिन हवा आत घेतं त्या वाटेवरून एक नळी पंपाच्या मागे जाते, तिथे कातड्याचा एक गोल पडदा असतो, तो मागे-पुढे होऊन डिझेल किती जायचं ते ठरवतो. गाडी बरीच वर्षं उभी राहिली की ते कातडं सुकतं, कडक होतं, मग चिरतं, आणि चिरलं की ओढ टिकत नाही आणि रेसवर ताबा राहत नाही. साधी गोष्ट आहे, पण आमचा पंप उघडणाऱ्या एकानेही त्या पडद्याकडे बघितलं नव्हतं.

तुम्ही तुमच्या गाडीतून एक पत्र्याचा डबा आणलात. आत तेलात भिजवून ठेवलेला पडदा, स्वतः कापून, भोकं पाडून तयार केलेला. तुमचा स्वतःचा एकुलता स्पेअर. पुढचं काम किती वेळ चाललं, काय काय खोललं ते मी लिहीत नाही, त्यातलं अर्धं मला दिसलंच नाही कारण मी अण्णांकडे बघत होते. त्यांनी केबिनमधून उतरून तुमच्या हातात पाना दिला. नंतर दोघं मिळून वाकलात. मग सेल्फ मारायची वेळ आली तेव्हाही तुम्ही वर चढला नाहीत, "तुमची गाडी, तुम्हीच मारा" म्हणालात. ती एका ठेक्यावर थांबली तेव्हा आजूबाजूच्या रांगेतल्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, कॉमेटवाल्यांनी आधी सुरुवात केली, आणि अण्णा हसले. मी रडले ते तुम्ही बघितलंत हे मला माहितीये.

अजून एक. परीक्षक आले आणि आमच्या केबिनकडे बघून म्हणाले की बॉडी ओरिजिनल नाही, तेव्हा तुम्हीच मध्ये बोललात. कंपनी तेव्हा चॅसी आणि पुढचा कावल, म्हणजे बॉनेटमागचा पत्र्याचा भाग, एवढंच द्यायची, लाकडी केबिन आणि हौदा सुतार बांधायचे, ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे, आणि दहा-पंधरा वर्षांत पुन्हा बांधायचे, मग ओरिजिनल कशाला म्हणायचं, असं तुम्ही शांतपणे समजावलंत. जिच्यावर अख्खा संसार चालला ती बॉडी आणि तिची डागडुजी हेच ट्रकचं ओरिजिनल, हे तुमचं म्हणणं मला फार पटलं. मोटारीचे नियम ट्रकला लावून चालणार नाही. परीक्षकांनी लिहून घेतलं, हेही त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे.

घरी आल्यावर मी वाचत बसले, बाहेरच्या देशांत हे कसं चालतं. इंग्लंडमध्ये १९६२ पासून जुन्या मालवाहू गाड्यांची लंडन ते ब्रायटन अशी फेरी निघते, अमेरिकेत जुन्या ट्रकच्या इतिहासाची संस्था १९७१ पासून आहे, दरवर्षी मोठा शो भरवतात, लोक शेकडो मैल गाडी चालवत येतात. वाचून आनंद झाला पण हेवा वाटला नाही. कारण तुमच्यासारखी माणसं आपल्याकडेही आहेत, फक्त त्यांना एकत्र यायला मैदान मिळत नाही. फार्गोवाल्यांनी शोनंतर आम्हाला त्यांच्याकडची जुनी ब्रेकची रबरं दिली, शक्तिमानवाला मुलगा मला वायरिंगचं चित्र हाताने काढून देऊन गेला, कोणीही बदल्यात काही मागितलं नाही. माणूस आधी बिघडलेल्या गाडीपाशी थांबतो, ओळख नंतर करून घेतो, हे मी ह्या लोकांत पाहिलं आणि ते मला फार मोठं वाटतं. चांगुलपणा शिकवायला कोणी येत नाही, पण अशा रांगेत एक दिवस उभं राहिलं तरी बराच कळतो.

काका, तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय. भावाने चांगलं पातळ कातडं मिळवून दोन पडदे कापलेत, अण्णांनी भोकांची जागा स्वतः आखली, आणि ते तुमच्याच डब्यात तेलात ठेवलेत. एक तुमचा स्पेअर म्हणून, दुसरा पुढच्या शोला ज्या कोणाचा फाटेल त्याच्यासाठी, हे अण्णांनीच ठरवलंय. पुढच्या वेळी आयोजकांना सांगून आपल्या दोन्ही ३१२ शेजारी-शेजारी लावून घेऊ. आणि तुमच्या गाडीचा चौथा गिअर आवाज करतोय असं अण्णा म्हणत होते, तुम्हाला चालणार असेल तर त्यांना एकदा चालवून बघायचीये. तारीख तुम्ही सांगा, आम्ही येतो.

तुमची,
ताऱ्यावाल्या ३१२ ची पोरगी