आप्पांच्या कॅप्सूल आणि माझे उंदीर

एडिनबरा

तीर्थरूप आप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई सांगत होती, डॉक्टरांनी उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिली आणि तुम्ही ती पुढे ढकललीत. तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या कुणीतरी व्हिटॅमिन ई सुचवलं, आणि "आमची नात तिकडे ह्याच्यावरच संशोधन करते" असा दाखला तुम्हीच दिलात म्हणे! मग आता नातीचंच ऐका.

आम्ही पांढऱ्या उंदरांना गॅलॅक्टोज घातलेला खुराक देतो. दुधातली साखर फुटली की निम्मी हीच निघते. डोळ्याच्या भिंगात अल्डोज रिडक्टेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते गॅलॅक्टोजचं गॅलॅक्टिटॉल करतं. हे गॅलॅक्टिटॉल धड बाहेर पडत नाही, धड पुढे पचत नाही. आतच साठतं आणि पाणी ओढून घेतं. भिंगाच्या पेशी फुगतात, कडेला बारीक फुगे दिसू लागतात आणि काही आठवड्यांत भिंग पांढरंफट्ट, म्हणजेच मोतीबिंदू. लॅबमधल्या दुसऱ्या जातीच्या चिमुकल्या उंदरांना, माऊसना, हाच खुराक घाला, त्यांना काही होत नाही, कारण त्यांच्या भिंगात ते एन्झाइम जवळजवळ नसतंच. उंदरा-उंदरात एवढा फरक, तर उंदरात आणि ठाणेकरात किती?

निम्म्या उंदरांच्या खुराकात व्हिटॅमिन ई मिसळलंय. डोळे तपासणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला ते सांगत नाहीत, नाहीतर मनासारखं दिसायला लागतं. गटांची यादी अजून बंद आहे, त्यामुळे निकाल मलाही ठाऊक नाही. पण समजा ई घेतलेल्यांचं भिंग उशिरा पांढरं झालं, तरी तुमच्या कॅप्सूलला त्याचा आधार नाही. त्यांचा मोतीबिंदू साखरेने काही आठवड्यांत आणलेला, आणि औषध पहिल्या घासापासून सोबत. तुमच्या भिंगातली प्रथिनं ऊन, वय आणि त्या जुन्या सिगारेटींनी कित्येक वर्षांत गढूळ झालीत. झालेलं गढूळ परत नितळ करणारं व्हिटॅमिन नाही.

माणसांवर हे करून झालंय, आप्पा. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत सी, ई आणि बीटा-कॅरोटिन वर्षानुवर्षं दिलं. 2001 साली निकाल आला, मोतीबिंदूवर परिणाम शून्य. दक्षिण भारतात पाच वर्षं असंच करून पाहिलं, 2006 मध्ये तेच उत्तर. आणि "दुप्पट घेतलं तर दुप्पट गुण" हे तुमचं लाडकं गणितही टिकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अशाच उंदरांना हळदीतलं कर्क्युमिन दिलं होतं. खुराकात 0.002 टक्के होतं तेव्हा मोतीबिंदू लांबला. 0.01 टक्के केलं तेव्हा तो सुरू जरा उशिरा झाला, पण पिकला मात्र लवकर.

पिकण्यावरून आठवलं. "मोतीबिंदू पिकू द्यावा" हे आजीच्या काळचं. आता पिकेपर्यंत थांबायची गरज नसते, उलट भिंग फार कडक झालं की सर्जनचं काम अवघड होतं. समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसत असताना तुम्ही राम मारुती रोडवर स्कूटर काढता, हे आईने मला उगाच सांगितलेलं नाही.

नवी तारीख घ्यायला जाल तेव्हा ती बाटली सोबत न्या. तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि ई जास्त झालं तर रक्त थांबायला वेळ लागतो. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढची कॅप्सूल नको. तारीख ठरली की आईला फोन करायला सांगा, मी रजेचं बघते.

तुमची,
मनू