व्यसनमुक्तीच्या कागदात उसाच्या फडावरचा माणूस कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

26 जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाच्या बातम्या आपल्या अंकात वाचल्या. प्रभातफेरी, सामूहिक शपथ, चित्रकला स्पर्धा, मान्यवरांचे मार्गदर्शन. बीड जिल्ह्यात शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे या बातम्यांत दरवर्षी एकाच माणसाची गैरहजेरी डोळ्यात भरते. जो पितो, त्याची. त्याच्याविषयी सगळे बोलतात, त्याला बोलावत कोणी नाही. धोरण आखणाऱ्यांचे तेच आणि अभ्यास करणाऱ्यांचेही बरेचसे तेच.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 'एम्स'कडून करून घेतलेले सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात. व्यसन जडलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळतात आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर 180 मध्ये एक, असे त्यात आहे. हे वाचून कोणीही म्हणेल, खाटा वाढवा. वाढवाव्यातच. पण ज्या एकाला खाट मिळाली, त्याचे घरी गेल्यावर काय झाले, हे कोण विचारतो? माझ्या मते खरी गोम तिथे आहे.

आमच्या भागात ऊसतोड टोळ्या पावसाळ्यात गावी असतात, म्हणून पोळ्याच्या आगेमागे दारू सोडवायला आणलेल्यांची गर्दी व्हायची. उपचार व्हायचे, माणूस ताळ्यावर यायचा, बायकोच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा. सुटीच्या कागदावर आम्ही लिहून द्यायचो : दर पंधरा दिवसांनी तपासणीस येणे. आणि दसरा झाला की त्याच कोयत्याला (ऊसतोडीच्या जोडप्याला आमच्याकडे कोयता म्हणतात) ट्रॅक्टर न्यायला यायचा, कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात. उचल आधीच घेतलेली. खाडा पडला तर पैसे कापले जाणार. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचे. तो तपासणीला येणार कुठून? एकाला मी खडसावले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, फडात थंडी किती असती, अंग किती दुखतं, ते तुमच्या कागदात कुठं लिव्हलंय?" त्याच्या केसपेपरवर नंतर 'पुन्हा सुरू' एवढाच शेरा पडला. शासनाच्या हिशेबी तो अपयशी रुग्ण. तपासणीची तारीख हंगामात पडत होती, हे कुठेच नोंदले गेले नाही.

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्य शिकणारी, मुले-मुली क्षेत्रकार्यासाठी आमच्याकडे येत. मुले चांगली, कष्टाळू. पण त्यांची प्रश्नावली ठरलेली : वय, जात, उत्पन्न, किती वर्षांपासून पिता, मित्रांमुळे लागली का, हो की नाही. निष्कर्षही ठरलेला : वाईट संगत आणि इच्छाशक्तीचा अभाव. (यासाठी शोधप्रबंध कशाला हवा, पारावर बसलेला कोणीही म्हातारा हेच सांगतो.) सोडल्यानंतर तुला काम कोणी दिले, दुकानदाराने बियाणे उधार दिले का, मुलीची सोयरीक तुझ्यामुळे मोडली का, टोळीत मुकादमाने परत घेतले का, हे विचारणारा कागद माझ्या पाहण्यात आला नाही. माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो की नाही, हे याच गोष्टींवर ठरताना मी पाहिले आहे. संशोधकांचा तुटवडा मराठवाड्यात नाही. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र 1986 पासून आहे, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला विद्यापीठे आहेत. उपचार घेऊन गेलेल्यांचा वर्षभर, फडावर जाऊन, मागोवा घेणारा एखादा अभ्यास यांनी मिळून हाती घ्यायला काय हरकत आहे?

तीच गत बाटलीच्या मतदानाची, म्हणजे गावातले दारूचे दुकान ठेवायचे (उभी बाटली) की बंद करायचे (आडवी बाटली) यावरच्या मतदानाची. आडवी बाटली ही बायांनी लढून मिळवलेली गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. 2008 च्या आदेशानुसार दुकान बंद करायचे तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. हजर असलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण बायांपैकी. आता मतदान कार्तिक-मार्गशीर्षात लागले, तर यादीतल्या कितीतरी बाया तेव्हा ऊस तोडत असतात. न आलेली बाई दुकानाच्या पथ्यावर पडते. दारूचा सर्वांत जास्त जाच जिला, तिचेच मत बाद. मतदान गुढीपाडवा ते दसरा या काळातच घ्यायचे, एवढी दुरुस्ती व्हायला कोणाची आडकाठी आहे?

आणखी एक. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणारी एक लाखाची मदत नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा या कारणांशी बांधलेली आहे. चौकशीत कोणी 'पीत होता हो' एवढे म्हटले, की प्रकरणाचा नूरच पालटतो. कर्ज होतेच आणि पीतही होता, दोन्ही खरे असते. कागदावर मात्र दुसरे पहिल्याला गिळते आणि बायको-पोरे 'अपात्र' ठरतात. नवऱ्याच्या व्यसनाचा दंड त्याच्या माघारी विधवेने भरायचा, हा कोणता न्याय?

शहरातल्या पोरांचे वेगळे. संभाजीनगरात नशेच्या 'बटन' गोळ्यांचा साठा पकडल्याच्या बातम्या आपण छापता. विकणाऱ्यावर कारवाई हवीच. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातच कलम 64-अ आहे : निव्वळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो, उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाते. हे कलम माहीत असलेले आईबाप मला भेटले नाहीत. छाप्याच्या बातमीखाली याच्या दोन ओळी आणि 14446 हा सरकारी मदत क्रमांक आपण छापलात, तरी पुष्कळ होईल.

पैसा नाही, असे कोणी म्हणू नये. जून 2025 मध्ये राज्याने मद्यावरचे शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा मिळतील, असा सरकारचाच अंदाज होता. राज्याचे व्यसनमुक्ती धोरण 2011 चे. एक खाते दारूतून महसूल गोळा करते आणि दुसरे प्रभातफेरीचे फलक रंगवते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नशामुक्त अभियानाची समिती असते. तिच्यात दारू सोडून टिकलेला एक माणूस, अशा घरातली एक बाई आणि ऊसतोड कामगारांचा एक प्रतिनिधी घ्यावा. स्वागताच्या हारासाठी नव्हे, इतिवृत्तात त्यांचे म्हणणे येण्यासाठी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून 10 रुपये घेण्याची तरतूद आहे. त्यातून कारखान्याच्या गावच्या सरकारी दवाखान्यात या रुग्णांची तपासणी आणि औषधे सुरू करता येतील. बीडचा केसपेपर तिथे चालला पाहिजे, आणि तपासणीच्या दिवशी मुकादमाने खाडा धरू नये. गळीत हंगामाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात हे होण्यासारखे आहे.

आपला,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक, जि. बीड