वेबपानांतील दोष शोधणेही शिकवा

माननीय संपादक,

जावामधील वेब-प्रोग्रामिंग शिकवताना जेएसपीचे, म्हणजे एचटीएमएल आणि जावा यांची सांगड घालून सर्व्हरवर तयार होणारे, पान कसे लिहावे हे सांगितले जाते. ते बिघडल्यावर नेमके कुठे पाहावे, हे मात्र बहुधा राहून जाते. हा भाग शिकवण्यात यायलाच हवा, यासाठी हे पत्र.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये आणलेल्या जेएसपीचे पान लिहिले तसेच थेट चालत नाही. टॉमकॅटसारखा सर्व्हर आधी त्याचे सर्व्हलेट, म्हणजे वेब-विनंतीला उत्तर देणारा जावा प्रोग्राम, बनवतो आणि मग ते कंपाइल करतो. त्यामुळे साठ ओळींच्या पानात चूक असताना लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, दोनशेच्या पुढचा ओळ-क्रमांक दिसू शकतो आणि नवशिका गोंधळतो. तो क्रमांक असतो तयार झालेल्या जावा फाइलमधला. टॉमकॅटच्या ‘वर्क’ फोल्डरमधली ती फाइल उघडून त्या ओळीवर गेले, की मूळ पानातले एचटीएमएल ‘राइट’च्या ओळींत उतरलेले दिसते आणि दोषाची जागा ओळखता येते. जेएसआर ४५ या जावाच्या मानकामुळे डीबगरला (दोष शोधण्याच्या साधनाला) या दोन फाइलींतील ओळींची जुळणी मिळते, म्हणून ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवण्याची खूण) थेट जेएसपीच्या ओळीवरही लावता येतो.

एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना उठणारी त्रुटी) आले तर निदान धागा हाती लागतो. खरा घात करते ती मुकी चूक. कंट्रोलरने, म्हणजे पानाला माहिती पुरवणाऱ्या कोडने, यादी ‘ऑर्डर्स’ या नावाने पाठवली आणि पानातल्या ‘फॉरईच’ या लूपमध्ये ‘ऑर्डर’ लिहिले गेले, तर एक्स्प्रेशन लँग्वेज (पानात किमती मांडायची जेएसपीची छोटी भाषा) एरवी त्या अनोळखी नावाची किंमत नल, म्हणजे ‘काहीच नाही’, धरते, लूप एकदाही फिरत नाही आणि शीर्षकांखाली रिकामा तक्ता उमटतो. लॉगमध्ये चकार शब्द नसतो, स्टेटस २००, म्हणजे ‘सारे ठीक’, असतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की नोंदीच नाहीत. साधी किंमत छापतानाही तिथे नुसती मोकळी जागा राहते. जेएसपीला पर्याय असलेल्या टेम्प्लेट-साधनांपैकी फ्रीमार्कर अशा वेळी टेम्प्लेटचे नाव, ओळ आणि स्तंभ सांगून थांबतो, तर व्हेलॉसिटी तो संदर्भ डॉलरच्या चिन्हासह तसाच छापते. दिसायला ते वाईट असेल, पण मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

जकार्ता पेजेसच्या (हे जेएसपीचे आताचे नाव) ३.१ आवृत्तीत अनोळखी नाव आल्यास एक्सेप्शन देण्याची सोय आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. प्रशिक्षणातल्या प्रत्येक प्रकल्पात ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत नवे पान लिहायला सांगण्याबरोबरच एक बिघडलेले पान दुरुस्तीला द्यावे, अशी शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे.

– एक प्रोग्रामर वाचक