‘हिवाळी तयारी’ सेवेमुळे तळ्यातील मासे दगावल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बागेतील तळ्याच्या चुकीच्या देखभालीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणे व सूचना-पुस्तिका दुरुस्त होणे याबाबत.

महोदय,

गुहागर येथे आमच्या घरामागच्या आगरात जांभ्या चिऱ्याने बांधलेले एक लहान तळे असून त्यात आम्ही कोई (शोभेचे रंगीत मासे) आणि गोल्डफिश पाळतो. या तळ्याचा पंप, फिल्टर आणि वार्षिक देखभालीचा करार हे सर्व आपल्या कंपनीकडून घेतलेले आहे. करारातील ‘हिवाळी तयारी’ या सेवेसाठी आपला तंत्रज्ञ नोव्हेंबरअखेर येऊन गेला आणि त्यानंतर आठवडाभरातच आमचे बहुतेक सगळे मोठे कोई मेले.

तंत्रज्ञाने पुस्तिकेत छापले आहे तसेच काम केले. त्यामुळे माझी तक्रार त्या मुलाविरुद्ध नाही. थंड प्रदेशासाठी लिहिलेली पुस्तिका जशीच्या तशी कोकणात लागू करणाऱ्या कंपनीविरुद्ध आहे. त्याने पंप आणि फिल्टर बंद केले, तळ्यावर प्लास्टिकचे आच्छादन ताणून कडेने चिरे ठेवले आणि मार्चपर्यंत माशांना खाणे घालू नका, असे बजावले. आमच्याकडे एवढी थंडी पडत नाही, हे मी त्याच वेळी सांगितले होते. त्यावर त्याने कार्यालयात फोन लावला, तेव्हा पुस्तिकेप्रमाणे काम झाले नाही तर वॉरंटी राहणार नाही, असे उत्तर मिळाले.

जिथे तळी गोठतात तिथे पंप बंद ठेवणे आणि खाणे थांबवणे यांना कारण आहे. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे वर बर्फ धरला तरी तळाशी त्यातल्या त्यात उबदार थर राहतो आणि मासे तिथे निपचित पडून हिवाळा काढतात. पंप चालू राहिला तर तो थर ढवळला जातो. पाणी 10 अंशांच्या खाली गेले की कोईचे पचन मंदावते, म्हणून खाणे थांबवतात. आमच्या किनाऱ्यावर जानेवारीतही पहाटेचे तापमान सर्वसाधारणपणे 18-19 अंश असते आणि दुपारी ते 30 च्या आसपास जाते. एवढ्या उबेत मासा हिंडतो, त्याला भूक लागते आणि प्राणवायूही भरपूर लागतो. नेमका तोच उबदार पाण्यात कमी विरघळतो: 4 अंशांना लिटरमागे सुमारे 13 मिलिग्रॅम, तर 25 अंशांना जेमतेम 8. त्यात पाणी खेळते राहिले नाही, वरून झाकण बसले आणि रात्रभर शेवाळही त्यातलाच प्राणवायू ओढत राहिले, तर पहाटेपर्यंत माशांसाठी काय उरणार?

एका पहाटे मी आच्छादनाची कड उचलली तेव्हा सगळे मासे एका कोपऱ्यात पृष्ठभागाशी गोळा होऊन तोंडे उघडझाप करत होते. पाण्यावर पांढरट फेस होता आणि परांच्या मुळाशी रक्ताळल्यासारख्या रेषा उमटल्या होत्या. मी आच्छादन काढून आपल्या मदत क्रमांकावर फोन केला, तर पंप ताबडतोब सुरू करा, एवढेच सांगण्यात आले. बंद फिल्टरमधले उपयोगी जिवाणू प्राणवायूवाचून मरतात आणि अडकलेली घाण तिथेच कुजते. म्हणून तो आधी धुऊन, पहिले पाणी बाहेर सोडून मगच जोडायचा असतो. हे कोणीही सांगितले नाही. पंप सुरू होताच सडक्या अंड्यासारखा वास येणारे काळे पाणी थेट तळ्यात आले आणि तोवर तग धरून असलेले मासेही दुपारपर्यंत उलटे झाले. त्यांत कपाळावर तांबडा ठिपका असलेला, माझ्या वडिलांच्या हातून खाणे घेणारा हातभर लांबीचा कोई होता. वडिलांनी त्या दिवसापासून तळ्याकडे जाणे सोडले आहे.

कोकणातही हिवाळ्याआधी तळ्याची कामे असतात. पावसात साचलेला गाळ काढावा लागतो. आंबा-फणसाचा पाचोळा पडून कुजू नये आणि बगळे-खंड्या मासे उचलू नयेत म्हणून जाळी बांधावी लागते. पहाटेचा गारवा असतो तेव्हा खाणे पाणी तापल्यावर आणि थोडे कमी घालावे लागते. मतलई वाऱ्याने पाणी आटते तसे विहिरीचे पाणी थोडेथोडे सोडावे लागते. पंप मात्र अखंड चालू हवा. आपल्या पुस्तिकेत यातल्या एकाही कामाचा उल्लेख नाही.

तरी सेवेचे शुल्क परत करावे, दगावलेल्या माशांची भरपाई द्यावी आणि फिल्टरमधील माध्यम (पाणी गाळणारा स्पंज वगैरे) विनामूल्य बदलून द्यावे. त्याहून तातडीचे म्हणजे, किनारपट्टीवर या हंगामात ज्या ज्या ग्राहकांकडे ही सेवा झाली आहे, त्यांना आच्छादन काढण्यास आणि फिल्टर धुऊनच पंप सुरू करण्यास आजच फोनवर कळवावे. त्यांच्याकडचे मासे अजून वाचू शकतात.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. पावती, सेवा-नोंदीची प्रत आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. फिल्टरमधला स्पंज न धुता तसाच ठेवला असून आपला प्रतिनिधी आल्यास तो तपासणीसाठी दाखवता येईल.

कळावे,

आपला ग्राहक,
गुहागर, जि. रत्नागिरी