आशाताई, तुम्ही माझ्या सासूबाईंशी बोलल्या त्यासाठी

आशाताई, नमस्कार.

हे सगळ्यांना वाचता येईल असंच टाकतेय, कारण तुमच्या आशा कार्यकर्तीच्या रजिस्टरमध्ये माझं वजन येतं, बीपी येतं, लेकरांच्या लसी येतात, पण तुम्ही आमच्या घरात बसून जे केलं ते कुठंच लिहिलं जात नाही.

मला दमा लहानपणापासूनच. छोटीच्या वेळी दिवस गेले तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, दम्याचा पंप (इनहेलर) बंद कर, पोटातल्या लेकराला लागतो, सवय पडते, आणि शेजारच्या काकू तर म्हणे कोजागिरीला खिरीतून औषध घे, मग पंपाचं कामच नाही. तुम्ही तेव्हा मला काहीच म्हटलं नाही. सासूबाई ओसरीत तूर निवडत होत्या तिथं जाऊन बसल्या, सूप हातात घेतलं आणि निवडता निवडता त्यांनाच विचारलं, "माय, सुनेले दम लागला तं पोटातल्या लेकराले हवा कुठून भेटन?" मग हळूहळू सांगितलं की पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, सरळ फुफ्फुसात जातं, रक्तात फार थोडं उतरतं, उलट दमा आटोक्यात नसला तर बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं होऊ शकतं, म्हणून डॉक्टरने दिलेला पंप आपल्या मनाने सोडायचा नाही. हेच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं हो, पण सुनेला सांगून काय होते, घरात चालतं सासूचं! त्यांना पटलं तेव्हा घराला पटलं. आता त्याच रोज रात्री विचारतात, पंप घेतला काय व, चूळ भरली काय. (रोजच्या पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, हे पण त्यांना तुम्हीच सांगितलेलं.)

आणि मोठ्याच्या अंगाचं तर काय सांगू. कोपराच्या आतून, गुडघ्यामागून कातडं नुसतं लाल, रात्रभर खाजवायचा, चादरीला रक्त. कोणी म्हणे गजकर्ण आहे, कोणी म्हणे बिब्ब्याचं तेल लावा. एका मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, लावली की लगेच बरं, थांबवली की दुप्पट. तुम्ही ती ट्यूब बघून म्हटलं यात स्टेरॉइड, बुरशीचं आणि अँटिबायोटिक सगळं एकत्र आहे, हे विचारल्याशिवाय लावायचं नाही, आणि बिब्ब्याने तर चांगलं कातडं पण जळतं, त्याला हात लावू नका. मग यवतमाळला स्किनच्या डॉक्टरकडे आमच्यासोबत आल्या. एक्झिमा निघाला. आई-बापाला दमा, अ‍ॅलर्जी असली की लेकरात हे यायची शक्यता जास्त, पण हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. अंगणवाडीत त्याला वेगळं बसवत होते, तिथं जाऊन पण तुम्हीच बोलल्या, मला ते कधीच जमलं नसतं.

आंघोळ कोमट पाण्याने, थोडाच वेळ, घासायचं नाही, टॉवेलने टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन. मलमाचं माप माझ्या बोटावर दाखवलं, टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूब पिळली की मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. एवढं कोणी समजावून सांगत नाही ताई.

कापसाचं मी कधी विसरणार नाही. भाव नव्हता म्हणून आम्ही झोपायच्याच खोलीत पार आढ्यापर्यंत कापूस भरला होता, लेकरं त्यावरच उड्या मारायची, आणि मोठ्याला खाज तर होतीच वरून छाती पण वाजायला लागली. तुम्ही आमच्या यांना कापूस विका असं म्हटलं नाही, विकला असता तर वर्ष कसं काढलं असतं! म्हटलं भाऊ, कापूस समोरच्या खोलीत घ्या, ताडपत्री झाका, लेकरं मागं झोपवा. पाणी तापवायची चूल पण अंगणात नेली, पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) धूर घरात कोंडायचा तो बंद झाला. हे सगळं परवडण्यासारखं होतं म्हणून झालं.

मोठ्याच्या पंपासाठी स्पेसर (पंपाचं औषध नीट आत जावं म्हणून लावायची पोकळ नळी) लगेच घेणं होत नव्हतं तर पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून दिलं, पंप तिथं घट्ट बसवायचा आणि पोराने बाटलीच्या तोंडातून पाच-सहा श्वास घ्यायचे. तुम्ही ते सासऱ्यांकडून पण करवून घेतलं, कारण आम्ही वावरात असलो की घरी तेच असतात. त्यांना धोक्याच्या खुणा पण पाठ करायला लावल्या, बरगड्या आत ओढल्या जातात, एक वाक्य धड बोलता येत नाही, ओठ निळे पडतात, पंपाने फरक पडत नाही, की कोणाची वाट न पाहता 108. छोटीच्या जन्मानंतरच्या 42 दिवसांच्या भेटी कधीच्या संपल्या, तरी तुम्ही येता, आणि आल्या की आधी त्यांनाच विचारता, बाबाजी सांगा बरं.

खूप खूप आभार ताई, मनापासून.

आणि एक काम आहे. आमच्या गल्लीत एका सुनेला सहावा लागलाय, तिचाही पंप बंद करायला लावलाय. तिला एकटीला भेटू नका. संध्याकाळी या, तेव्हा सगळे वावरातून आलेले असतात, मी सासूबाईंना पण सोबत घेऊन येते.