चुना, लसूण आणि डास चावलेली जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून ‘डास-कीटक चावल्यास घरगुती उपाय’ छापून येतात. यादी बहुधा तीच असते : लिंबू चोळा, लसूण ठेचून बांधा, चुना लावा, टूथपेस्ट लावा, सोडा लावा, हळद लावा. यातले काही उपाय खरोखर चांगले आहेत, काही निरुपद्रवी आहेत आणि दोन-तीन असे आहेत की चार दिवसांत गेला असता तो डाग चार महिने अंगावर राहावा. पण सगळे एकाच ओळीत, एकाच टाईपात. किती घ्यायचे, किती वेळ ठेवायचे, कोणाला लावायचे नाही, याचा पत्ता नसतो. त्यासाठी हे पत्र.

डास रक्त ओढताना त्वचेत लाळ सोडतो. त्या लाळेतल्या प्रथिनांवर शरीर चिडते, खाज-सूज आणणारे हिस्टामिन हे द्रव्य सुटते आणि गांधी उठते. ती वीस मिनिटांत सर्वांत जास्त फुगते. पुष्कळांना दुसऱ्या दिवशी त्याच जागी टणक पुटकुळी येते आणि ती आठवडाभर खाजत राहते. हे सगळे त्वचेच्या आत चाललेले असते. वरून लावलेला कोणताही लेप ती लाळ ओढून काढत नाही, ‘उतरवत’ नाही. घरगुती उपायाचे काम एवढेच, की पंधरा-वीस मिनिटे खाज दाबावी आणि तेवढा वेळ नख लांब राहावे. खाजवल्याने हिस्टामिन आणखी सुटते, खाज वाढते. त्यातून त्वचा फाटली की नखातले जंतू आत जातात. डास चावल्यावर पिकलेले पाय दिसतात ते डासाने नव्हे, नखाने पिकलेले असतात. म्हणून पहिला उपाय साबण-पाणी आणि दुसरा नखे कापणे. हे दोन्ही कोणत्याच यादीत नसतात, कदाचित फार साधे वाटत असतील.

थंडावा हा सर्वांत खात्रीचा उपाय. बर्फाचे दोन खडे ओल्या रुमालात गुंडाळून दहा मिनिटे धरावेत, तासाभराने हवे तर पुन्हा. बर्फ थेट कातडीवर टेकवू नये, लहान मुलांना तर नाहीच. त्यानेही त्वचा भाजते. फ्रीज नसेल तर माठातल्या पाण्याची पट्टी चालते, ती दर दोन-तीन मिनिटांनी बदलावी लागते इतकेच. याच्या उलटा उपाय म्हणजे गरम चमचा. उष्णतेने खाज थांबते हे खरे आहे. परदेशात त्यासाठी छोटी उपकरणे मिळतात आणि ती पन्नास-एक्कावन्न अंशांवर मोजून काही सेकंदच टेकतात. चहात बुडवलेल्या चमच्याला असे माप नसते. तो कधी कोमट निघतो, कधी फोड उठवतो. हा उपाय घरी करू नये.

खायच्या सोड्याबद्दल थोडे सविस्तर, कारण उपाय चांगला आहे आणि चुकतो तो डबा उचलताना. तीन चमचे सोड्यात साधारण एक चमचा पाणी घालून इडलीच्या पिठापेक्षा घट्ट लेप करावा, चावलेल्या जागेवर लावून दहा मिनिटांनी धुवून टाकावा. रात्रभर ठेवू नये. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी. जास्त वेळ किंवा दिवसातून पाच-सहा वेळा लावला तर त्वचा कोरडी पडून नव्याने खाजते. खरचटलेल्या जागी झोंबतो. बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे, तिच्यात आम्ल आणि पिठूळ स्टार्च मिसळलेला असतो. धुण्याचा सोडा आणि पापडखार तर मुळीच नकोत, ते कितीतरी जहाल अल्क आहेत आणि कातडी सोलून काढतात. पांढरी पूड दिसली की सोडा, असे समजून लावणाऱ्यांची संख्या कमी नाही.

कॅलामाइन लोशन औषधाच्या दुकानातले असले तरी ते घरात असावे. बाटली नीट हलवून (तळाशी गुलाबी गाळ बसतो, तेच औषध) कापसाने पातळ थर द्यावा आणि वाळू द्यावा. पुढचा थर देण्याआधी आधीचा धुवावा. थरावर थर चढवल्याने गुण वाढत नाही, फक्त पापुद्रे पडतात. वाहणाऱ्या जखमेवर लावू नये.

खोबरेल तेलात कापूर हा आपल्याकडचा जुना उपाय, आणि त्यात तथ्य आहे. कापराने त्वचेला गारवा वाटतो आणि खाजेची जाणीव बोथट होते. पण प्रमाण महत्त्वाचे. १०० मिली तेलाला १ ते २ ग्रॅम कापूर पुरे. मूठभर वड्या टाकल्या की तेल आग करते. तेल कोमट करून गॅस बंद करावा, भांडे खाली उतरवावे आणि मग कापूर चुरून घालावा. पेटत्या शेगडीजवळ कापूर नेला तर भडका उडतो. दोन वर्षांखालच्या मुलांना हे तेल लावू नये. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये, कारण कापूर पोटात गेला तर थोड्याशानेही लहान मुलांना झटके येऊ शकतात. डोकेदुखीच्या बामलाही हेच नियम लागू, आणि तो फाटलेल्या कातडीवर लावायचा नाही.

कोरफड कापल्याबरोबर जो पिवळा, कडू चीक येतो तो खाज वाढवतो. पान कापून दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवावे, चीक गळू द्यावा, कापलेला भाग धुवावा आणि आतला पारदर्शक गरच घ्यावा. कोरफडीने आग झाली अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा हा चीक आत राहिलेला असतो. कोकणात अंगावर पित्त उठल्यावर आमसुलाचे पाणी लावतात, तेच डासांच्या गांधींवरही लावले जाते. चार-पाच आमसुले कपभर पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी गार लावावे. आराम मिळतो तो बराचसा गारव्याचा. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मात्र वापरू नये. त्यात मीठ भरपूर असते आणि ओरखड्यावर ते डोळ्यात पाणी आणते.

आता जे छापूच नये अशी विनंती आहे ते.

लसूण ठेचून कापडाने बांधला की काही तासांत त्वचा रासायनिक रीतीने भाजते. गांधी जाते आणि तिच्या जागी फोड येतो. लिंबाचा प्रकार फसवा आहे. रस लावल्यावर लगेच काहीच होत नाही, पण तो अंगावर असताना ऊन लागले की लिंबातल्या घटकांची उन्हाशी प्रक्रिया होऊन एक-दोन दिवसांत तिथे लाली, कधी फोड आणि मागाहून तपकिरी डाग येतो. तो जायला आठवडे, कधी महिने लागतात. लोक दोष डासाला देतात. पाणी न मिसळलेले जंतुनाशक, रॉकेल, टूथपेस्ट यांचीही हीच गत. टूथपेस्टमधल्या पुदिन्याच्या गारव्याने क्षणभर बरे वाटते, पण ती दातांसाठी केलेली असते.

चुन्याबद्दलचा समज सर्वांत चिवट आहे : मधमाशीचे विष आम्ल, चुना अल्क, म्हणून एकमेकांना मारतात. ऐकायला शास्त्रीय वाटते. प्रत्यक्षात ते विष मुख्यतः प्रथिनांचे असते आणि कातडीच्या आत टोचलेले असते. वरचा चुना तिथपर्यंत पोहोचत नाही. ओल्या चुन्याचा सामू (आम्ल-अल्क मोजण्याचे माप, ७ म्हणजे मध्य) १२ च्या वर जातो, म्हणजे जे काही होते ते वरच्या निरोगी त्वचेला होते. शिवाय घरात मुलांच्या हाती चुन्याची पुडी लागते, दाबल्यावर फुटते आणि चुना डोळ्यात जातो. तसे झाले तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान वीस-तीस मिनिटे डोळा धुवावा आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

हळद बिचारी निरुपद्रवी. पण तिचा एक तोटा डॉक्टरांनाच जाणवतो : तिच्या पिवळ्या थराखाली लाली किती पसरली आहे हे दिसत नाही. चावलेली जागा चिघळते आहे की नाही, ते त्या लालीच्या कडेवरून ठरवायचे असते.

घरातल्या औषधांच्या डब्यात एक ट्यूबही सापडते, ‘खाज-खरूज-गजकर्ण सगळ्यावर’ चालणारी. तिच्यात बहुधा क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असते. खाज तासाभरात थांबते, म्हणूनच ती लोकप्रिय आहे. सरकारने २०१८ मध्ये अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून ती ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, तरी ती मागितल्यावर मिळतात. चेहऱ्यावर, जांघेत, लहान मुलांना ती लावत राहिल्यास त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते दबून पसरते. खाजेने झोपच येत नसेल तर मोठ्या माणसाला रात्री सेटिरिझिन या ॲलर्जीवरच्या औषधाची १० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते, मात्र ती घेऊन गाडी चालवू नये. मुलांचा डोस डॉक्टरांकडूनच घ्यावा.

उपाय कोणता, हे काय चावले यावरही ठरते, आणि काही वेळा मुळात काही चावलेलेच नसते. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती ७ ते १० मिलिमीटर लांबीचा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, मोठ्या मुंगळ्यासारखा किडा येतो. तो चावत नाही. तो मानेवर बसतो, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक द्रव कातडीवर फासला जातो. त्या वेळी काही जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी रेघेसारखा लाल पट्टा उठतो, त्यावर बारीक फोड येतात. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन सारखे डाग दिसतात. लोक म्हणतात कोळी मुतला, नाहीतर नागीण झाली. असा किडा अंगावर दिसला तर मारू नये. फुंकर मारावी किंवा कागदावर चढवून झटकावा. चिरडला गेलाच तर जागा आणि हात लगेच साबणाने धुवावेत, त्याआधी डोळ्याला हात लावू नये. इथे लिंबू-चुना म्हणजे भाजल्यावर पुन्हा भाजणे.

शेवग्यावरचा केसाळ सुरवंट लागला तर चोळणे ही पहिली चूक. केस आणखी आत रुततात. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलावी, दर वेळी नवा तुकडा घेऊन चार-पाचदा. मग पाण्याने धुवून बर्फ. कपडे बदलावेत आणि वेगळे धुवावेत, नाहीतर टॉवेलमधून केस घरभर फिरतात.

मधमाशीचा काटा त्वचेत राहतो आणि त्याला जोडलेली विषाची पिशवी त्यानंतरही काही सेकंद विष ढकलत राहते. तो नखाने काढा, चिमट्याने काढा, एटीएम कार्डाने खरवडा. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. चिमटा शोधायला घरात जाऊ नये. काट्याबरोबर जो वास सुटतो (पिकलेल्या केळ्यासारखा) त्यावर इतर माश्या धावून येतात, म्हणून आधी तिथून लांब व्हावे. गांधील माशी काटा ठेवत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. दोन्हींवर घरचा उपाय बर्फच. विंचू या यादीत येतच नाही. कोकणातल्या लाल विंचवाचे विष हृदयावर जाते, आणि महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार रूढ केला तो रुग्णालयात द्यायचा आहे.

एक तक्रार पालकांची नेहमीची : घरात पाच माणसे, गांधी एकाच मुलाला, मग डास कसे? दोन ते दहा वर्षांच्या काही मुलांची त्वचा कीटकांच्या लाळेला जास्त संवेदनशील असते. एक नवा डास चावला की गेल्या आठवड्याच्या सुकलेल्या पुटकुळ्याही पुन्हा खाजू लागतात, त्यामुळे ‘रक्त खराब झाले’ किंवा ‘उष्णता’ असे वाटते आणि गूळ, आंबा, अंडी बंद होतात. वयाबरोबर हे आपोआप कमी होते. तोवर मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि घरात कुत्रा-मांजर असल्यास त्याच्या पिसवांचा बंदोबस्त. सकाळी ओळीने तीन-चार डाग दिसले तर गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे उघडून ढेकूण पाहावेत. कातडीवर काहीही लावून ढेकूण जात नाहीत.

डंखानंतर ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, उलटी, चक्कर, अंगभर गांधी यांपैकी काही दिसले तर घरी काहीही करत बसू नये. १०८ ला फोन करावा, माणसाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे. याचे औषध मांडीत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आहे, ॲलर्जीची गोळी नव्हे. आणि दोन दिवसांनंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल, तर पेनने लालीची कड आखून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

राहता राहिले न खाजणारे चावे, जे जास्त धोक्याचे आहेत. गोचीड चिकटली असेल तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, एकसारखी ओढावी. रॉकेल किंवा पेटती काडी नको, त्याने ती आतले द्रव उलटे सोडू शकते. गोव्यातल्या सत्तरीत २०१५ आणि दोडामार्गात २०१६ साली पसरलेला माकडताप हा विषाणूचा ताप या गोचिडीतूनच आला. स्क्रब टायफस या कीटकाच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात बरेच रुग्ण सापडले. त्याचा कीटक इतका बारीक, की चावल्याचे कळतही नाही. शेतात-गवतात वावरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप आला, तर काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्तनांखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली शोधावी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. ती डॉक्टरांना आपणहून दाखवावी. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेत सुरू झाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.

आपला,
एक वाचक, सिंधुदुर्ग